उसनी चाल

आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ह्यांच्याबद्दल मला एवढंच सांगितलं होतं की मुलगा आखातात आहे, निर्व्यसनी आहे आणि उंचीला थोडा कमी आहे. गातो, हे कुणीच बोललं नाही. आमच्या कणकवलीकडे कुठल्याही वाडीत गेलात तर एखादा भजनी बुवा सापडतोच, म्हणून त्याचं कुणाला अप्रूप नसावं. लग्नानंतरच्या सत्यनारायणाला भजन होतं. हे पेटीवर बसले, डोळे मिटले आणि गायला लागले. मी आत काळ्या वाटाण्यांची उसळ ढवळत होते, ती ढवळायची थांबले. उसळ खाली लागली, सासूबाई बोलल्या, आणि मी वेंधळी ठरले ती कायमचीच.

भजनाची एक रीत बाहेरच्यांना सांगावी लागते. अभंग ठरलेल्या वळणाने म्हणायचा, पण गजर आला की बुवाला मोकळीक. गजर म्हणजे देवाला मारलेली दोन-चार ओळींची हाक. बुवा म्हणतो, मागे बसलेले कोरसवाले उचलतात, पखवाज चढत जातो, झांजा तापतात आणि म्हातारी माणसंही गुडघ्यांवर उठून बसतात. ह्या गजराला चाल कुठलीही चालते. सिनेमातली, तमाशातली, साबणाच्या जाहिरातीतलीसुद्धा. चाल उचलायची आणि शब्द देवाचे घालायचे. ह्याला कोणी चोरी म्हणत नाही. उलट कुठून तरी नवी चाल शोधून आणली की बुवाचा भाव वाढतो. ह्यांचा मात्र एक नियम होता, तो त्यांच्या वडिलांकडून आलेला. चाल घेण्याआधी मूळ गाणं काय म्हणतंय ते विचारून घ्यायचं. प्रेमाचं असलं तर चालेल, विरहाचं तर उत्तमच. पण ज्यात कोणी कोणाला फसवतंय, अशा गाण्याची चाल देवापुढे न्यायची नाही. "भांडं कुणाचंही घ्यावं, पण आधी त्यात काय शिजत होतं ते हुंगावं," असं ते म्हणायचे. मला हसू यायचं. मी म्हणायची, अहो, देवाला काय सर्दी झालीय, त्याचं तो हुंगेल.

आम्ही शारजाला रोल्लात राहायचो. खाली कापडाची दुकानं, वर आमचं दोन खोल्यांचं घर, आणि खिडकीत एसी, ज्याचं पाणी खालच्या कापडवाल्याच्या फलकावर ठिबकायचं म्हणून तो महिन्यातून एकदा भांडायला वर यायचा. हे नोकरीला फुजैराला होते. तिथल्या बंदरावर जहाजांना तेल भरतात. टाक्यांत तेल किती आहे ते मोजून बघायचं हे ह्यांचं काम. आठवडाभर कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी डोंगरातल्या रस्त्याने घरी यायचे, मसाफी, धैद करत. कपड्यांना तेलाचा वास असायचा, कितीही धुतले तरी. शुक्रवारचा दिवस आमचा. शनिवारी उजाडायच्या आत परत.

म्हणजे मी आणि आमची लेक, आम्ही दोघी आठवडाभर वाट बघायचो. लोकांना वाटतं आखातातल्या बायका सोनं मोजत बसतात. मी वाट बघायची, दुसरं काही खास केल्याचं मला आठवत नाही. मासळी आणली तर ती गुरुवारी, चांगला भात गुरुवारी. गुरुवारी लिफ्ट वाजली की कान टवकारायचे. कधी जहाज उशिरा लागलं तर फोन यायचा की आज जमत नाही, आणि मग ती मासळी आम्ही दोघी मुकाट्याने खायचो.

शुक्रवारी दुपारी आमच्या भजनी मंडळाची माणसं यायची. दुबईतल्या देऱ्याच्या खोल्यांतून, शारजाच्या मजूर कॅम्पांतून, सगळी आपल्याकडची, सगळी एकटी. कोणी शटरिंगचा सुतार, कोणी पाइपफिटर, एक हॉटेलच्या लाँड्रीत. खिडक्या घट्ट लावायच्या, पखवाजावर पंचा टाकून आवाज मारायचा, अजान झाली की सगळं थांबवायचं, ती संपली की पुन्हा तिथूनच उचलायचं. मी उसळ आणि पाव करायची. गणपतीत तर घरात पाय ठेवायला जागा नसायची.

लेक रोल्लातच वाढली. मी मराठीत विचारायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. तिला भजनाचा भारी कंटाळा. माणसं आली की ती आतल्या खोलीत जाऊन दुबईचा इंग्रजी एफएम लावून बसायची आणि आवडलं की कॅसेटवर भरून घ्यायची. बाप बाहेर टाळ कुटतोय, मुलगी आत 'बेबी बेबी' ऐकतेय, आणि मधे मी चहाचा ट्रे घेऊन. ह्यांना तिच्या गाण्यांचा राग नव्हता. पण तिने एकदा तरी आपल्या मागे कोरसला बसावं असं त्यांना फार वाटायचं. बोलून दाखवायचे नाहीत, मला मात्र दिसायचं. पेटी काढली की ते आधी आतल्या दाराकडे बघायचे.

ती अकराएक वर्षांची असताना एका शुक्रवारी हे दाढी करता करता थांबले. आतून तिचं एक गाणं येत होतं. संथ, डुलणारं, एका पुरुषाच्या मऊ आवाजातलं, आणि धृपदाला तीन सुरांची एक हाक, वर जाऊन हळूच खाली उतरणारी. अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन हे तिच्या खोलीत गेले. "परत लाव गो." तिने लावलं. परत लाव, परत लाव, असं किती वेळा झालं देव जाणे. मग पेटी काढली आणि ती हाक बोटांनी शोधून काढली. लेक बघतच राहिली. आपलं गाणं बाबांच्या पेटीतून येतंय हे तिला खरंच वाटेना. मग हळूहळू तिचा चेहरा असा फुलला की मी स्वयंपाकघरातून बघत उभी राहिले.

आणि मग ह्यांनी विचारलं, कारण नियम तो नियम. "ह्या गाण्याचो अर्थ काय गो?"

लेकीने पेटीकडे बघितलं. मग म्हणाली, "इट्स अबाउट गॉड, बाबा. ही इज कॉलिंग गॉड."

ह्यांचं इंग्रजी बंदरावरचं, व्हॉल्व उघडा आणि व्हॉल्व बंद करा एवढ्यापुरतं. माझं तर तेवढंही नाही. मुलगी इंग्रजी शाळेत जाते, तिला कळतं, आम्हाला कळत नाही, विषय संपला. ह्यांनी पेटीला हात लावून नमस्कार केला आणि गणपतीला यायचं आवतण देणारे शब्द त्या चालीवर बसवले. हाकेच्या जागी 'ये गणराया'.

त्या वर्षीच्या गणपतीत तो गजर झाला आणि आमच्या हॉलची भिंत पडायची तेवढी बाकी राहिली. लाँड्रीवाला तर रडलाच. आणि आमची लेक पहिल्यांदा बाहेर येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कोरसला बसली नाही, पण तिचे ओठ हलत होते. ह्यांनी ते पाहिलं आणि गजर संपवायचा सोडून आणखी चढवला. पखवाजवाल्याचे हात भरून आले बिचाऱ्याचे.

पुढची पाच-सहा वर्षं तो गजर आमच्या मंडळाची खूण झाला. दुबईच्या मंडळात बोलावणं आलं की लोक तोच मागायचे. "बुवा, तो इंग्लिश गजर होऊन जाऊ दे." आणि दर वेळी लेक चौकटीला टेकून उभी. दहावी झाली, उंची वाढली, केस कापले, तरी त्या गजराला ती बाहेर यायची. बाप-लेकीचं बोलणं तसं कमीच. ह्यांना इंग्रजी येत नाही, तिला मालवणी कळते पण बोलवत नाही. दोघांमधे बोलण्यासारखं जे काही होतं ते त्या गजरात होतं असं मला वाटायचं.

ती बारावीत असताना ह्यांच्या कंपनीने फुजैराच्या एका हॉटेलात जेवण दिलं. तिथे फिलिपिनो गायकांचा बँड होता. दोन मुली, एक मुलगा, आणि एक यंत्र. त्यांनी नेमकं तेच गाणं घेतलं. हे खूश. शेजारच्या टेबलावरच्यांना सांगायला लागले, हे माझं गाणं, आम्ही देवाला म्हणतो. आणि भर पार्टीत मराठी शब्द घालून गायलेसुद्धा. लोक हसले. एक टगबोटीवरचा केरळचा माणूस, चांगला माणूस, हसता हसता म्हणाला, "बाबा, ये भगवान का गाना नहीं है. ये आदमी औरत को बोल रहा है, मेरे लिए मत रुको, मैं दूसरी के साथ है, घर नहीं आएगा." ह्यांना पटेना. गाणं संपल्यावर त्यांनी त्या गाणाऱ्या मुलीलाच जाऊन विचारलं. तिने मान डोलावली. येस सर, ही इज नॉट कमिंग होम. व्हेरी सॅड साँग, सर.

त्या गुरुवारी हे घरी आले ते अंघोळ न करताच गॅलरीत बसले. मी पाणी दिलं. खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "चेडवाक सगळा म्हायत होता."

म्हणजे पोरीला सगळं माहीत होतं. मग लेकीला बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ती खोटं का बोलली ते ती रडून सांगून मोकळी झाली असती. मला तिने नंतर सांगितलं. बाबांनी आपलं गाणं सोडून देऊ नये, सगळ्यांसमोर आपलं गाणं वाजावं, एवढंच तिच्या मनात होतं. अकरा वर्षांच्या पोरीचं मन ते केवढं! पण ह्यांनी विचारलं फक्त, "तुका म्हायत होता?" तिने होय म्हणून मान हलवली. हे म्हणाले, "बरा." आणि उठून अंघोळीला गेले.

मी भांडले. माझं तोंड तसं कुणाला नवं नाही. म्हटलं, अहो, पोर होती ती. आणि देवाचं म्हणाल, तर त्याने पाच वर्षं ऐकून घेतलं ना, त्याला खटकलं असतं तर तुमचा गळा बसवला नसता का? हे ऐकून घ्यायचे आणि गप्प राहायचे. तो गप्प बसण्याचा राग मला अजूनही येतो. माणूस रागावला तर समजूत काढता येते, पण हे रागावलेच नव्हते. त्यांना लाज वाटत होती. ज्या हाकेला आपण डोळे मिटून देवाला बोलावत होतो, ती हाक मारणारा कोणी दुसऱ्याच बाईकडे राहून बायकोला 'येत नाही' म्हणून कळवत होता, हे त्यांच्या जिवाला लागलं.

त्या गणपतीत लोकांनी गजर मागितला. हे म्हणाले, चाल आठवत नाही. लेक चौकटीशी आलेली होती, ती तशीच आत गेली. पुढच्या वर्षी पेटीवर दुसरा माणूस बसला आणि हे मागे टाळ घेऊन. त्यानंतर टाळही सुटला. शुक्रवारी माणसं यायची, उसळ खायची, हे त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायचे. गळा शाबूत होता, माणूस धडधाकट होता आणि गाणं तेवढं गेलं होतं.

लेक पुण्याला कॉलेजला गेली. इथल्या मुलांचं तसंच, बारावी झाली की बॅग भरायची. सुट्टीत यायची तेव्हा सामानात पुस्तकांपेक्षा कॅसेट जास्त. मला वाटलं, वय आहे. मग एकदा कांदे चिरता चिरता तिने मला सांगितलं की ती ते गाणं शोधतेय.

"अगं, गाणं तर आहेच आपल्याकडे."

"ते नाही आई. ते कॉपी आहे. त्याच्या आधीचं."

तेव्हा मला कळलं की त्या गाण्याला आगापिछा होता. एफएमवर जे वाजायचं ते म्हणे कितव्यांदा तरी कोणी नव्याने म्हटलेलं. त्याच्या आधी एका बाईने नाचायच्या ठेक्यावर म्हटलं होतं. त्याच्याही आधी विलायतेतल्या चार गोऱ्या पोरांनी गिटारी बडवत. ते तिने मला ऐकवलं. ती पोरं अशी ओरडत होती की कोणी घरी येत नाही याचा त्यांना आनंदच झालेला दिसत होता. आणि त्याच्या आधी अमेरिकेतल्या काळ्या गायकांनी, ज्यांचं मुळात हे गाणं. ह्या प्रकाराला रिदम अँड ब्लूज म्हणतात असं तिने सांगितलं. मी अर्थ विचारला तर विचार करून म्हणाली, "ताल आणि दुःख." म्हटलं, मग आपलंच की.

रोल्लात एक केरळी कॅसेटवाला होता. त्याच्याकडे ती तासन्‌तास बसायची. तो जुन्या याद्या काढायचा, कोणाला तरी लंडनला फोन लावायचा. पुण्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानांतूनही तिने बरंच काही उतरवून आणलं होतं. आणि एवढी धडपड कशासाठी, ते तिने मला त्याच कांद्यांपुढे सांगितलं. तिने कुठे तरी वाचलं होतं की हे जुने गायक सगळे चर्चमधे गाऊन वाढलेले. त्यांच्या कितीतरी गाण्यांची मुळं चर्चमधली. देवाचं गाणं घ्यायचं, देवाचं नाव काढायचं आणि तिथे माणसाचं घालायचं, की झालं प्रेमाचं गाणं तयार. आमचे बुवा करतात त्याच्या नेमकं उलट.

"म्हणजे तळाशी गेलं तर हे गाणं देवाचं असू शकतं, आई. मग मी खोटं नाही ना बोलले? मला माहीत नव्हतं, पण खोटं नाही ना?"

मी तिच्याकडे बघितलं. वीस वर्षांची घोडी, डोळे कांद्याने लाल की कशाने कोण जाणे. मी म्हटलं, शोध. दुसरं काय म्हणणार होते?

मग ती एकेक पायरी खाली उतरत गेली. सुट्टीत आली की शुक्रवारी मुद्दाम हॉलमधे लावायची, हे घरी असताना. हे टीव्हीचा आवाज वाढवायचे. ती गाण्याचा वाढवायची. मी दोघांना शिव्या घालायची. असं चाललं होतं. पण एका शुक्रवारी तिने त्या काळ्या गायकांतल्या चौघांचं लावलं. त्यांच्यामुळेच ते गाणं जगभर गेलं असं ती म्हणाली. शब्द तेच, येत नाही, वाट बघू नकोस. पण मागे एक बाजा होता, भरदार, श्वास घेतल्यासारखा. टीव्ही बंद झाला. हे दारात येऊन उभे राहिले. चौकटीला टेकून, ती उभी राहायची तसे. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत.

"ती पेटीच ना?" त्यांनी विचारलं.

"ऑर्गन, बाबा. चर्चमधे असतो."

"हां," म्हणाले. आणि मग, "बरो वाजयता." चांगला वाजवतो, एवढंच. तेवढ्यावर ती पोरगी आठवडाभर उड्या मारत होती. पुण्याला जाताना कॅसेटवाल्याला सांगून गेली की ह्याच्याही आधीचं, सगळ्यात पहिलं, एका बाईने म्हटलेलं आहे. जगात कुठेही असलं तरी मागव.

ऑगस्टच्या एका बुधवारी दुपारी हे टाकीचा जिना उतरत होते. मला कंपनीतून फोन आला तो हिंदीत. भाभीजी, थोडा तबीयत. थोडा तबीयत म्हणजे काय ते आखातातल्या बायकांना सांगावं लागत नाही. मी गॅसवर ठेवलेला भात बंद केला आणि खुर्चीवर बसले. छातीत कळ आली आणि खाली पोचेपर्यंत संपलं, असं नंतर सांगितलं. ऊन होतं का, पाणी प्यायले होते का, कोणी जवळ होतं का, मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा हेच विचारत राहिले. गुरुवारी ते घरी आले असते. मी सुरमई सांगून ठेवली होती.

गावी नेलं. लेक पुण्याहून थेट गावी आली आणि बापाला तिने अंगणातच पाहिलं. तिथलं मला फारसं सांगता येत नाही. बायका रडत होत्या, मी बघत होते.

नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या बाईचं, नवरा गेला की, त्या देशात काही राहत नाही. घर आवरायला तेवढी मुदत मिळाली. आम्ही दोघी रोल्लात परत आलो. मंडळाची माणसं एकेक करून येऊन गेली, खाली मान घालून, उसळीचा विषय न काढता. कपाट लाँड्रीवाल्याला, भांडी कॅम्पात, पेटी मंडळाला. ह्यांचे कपडे मी कुणालाच दिले नाहीत. नाक खुपसून बसायची त्यात. तेलाच्या वासाला इतकी वर्षं नाकं मुरडली होती.

निघायच्या आधी दोन-तीन दिवसांवर कॅसेटवाल्याचा फोन आला. त्याला काही माहीत नव्हतं. मला तो चेची, म्हणजे ताई, म्हणायचा. "चेची, बच्ची का सीडी आ गया. वो पुराना वाला. बहुत मुश्किल से मिला."

लेक गेली आणि घेऊन आली. दुपारची वेळ होती. हॉल रिकामा झालेला, बोललं की घुमायचं. तिने सीडी लावली आणि माझ्यापासून लांब भिंतीला टेकून बसली. मला कळत होतं तिला काय हवंय. बाप ऐकायला नव्हता, तरी तिला त्या गाण्याच्या तळाशी देव सापडायलाच हवा होता. आता तर जास्तच हवा होता. मीही मनात म्हटलं, देवा, असलास कुठे तर ह्या गाण्यात तरी अस.

आधी नुसती खरखर. मग एक पियानो, फारसा सुरात नसलेला. टाळ्यांचा ठेका, दोनचार माणसांचा असेल. आणि एका बाईचा आवाज, थोडा जाडा, घोगरा. गाते आहे असं वाटतच नव्हतं. ती हाक आली, ह्यांच्या गजरातली, तीन सुरांची. मी पदर तोंडाशी धरला. लेक मान खाली घालून शब्द ऐकत होती. गाणं छोटंच होतं, संपलं.

"आहे का देव?" मी विचारलं.

मग म्हणाली, "नाही गं आई." आणि गुडघ्यात तोंड घालून रडायला लागली, लहानपणी रडायची तसं, आवाज करून.

मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "मग काय आहे? तेच का, येत नाही म्हणून?"

"नाही. ते नंतरच्यांनी बदललं. पुरुषांनी म्हटलं तेव्हा उत्तर केलं त्याचं. ही बाई आहे ना, तिचा नवरा लांब गेलाय कामाला. ती त्याला बोलावते." डोळे पुसत पुसत तिने मला ओळी सांगितल्या, तिच्या त्या मोडक्या मराठीत. घरी ये. उशीर झाला तरी ये. कपडे मळले असले तरी ये, मी धुईन. काही आणलं नाहीस तरी चालेल. मी विचारणार नाही काही. तू फक्त ये. "एवढंच आहे, आई. सगळं गाणं एवढंच आहे."

मला राग आला. लेकीचा नाही, त्या टगबोटीवाल्याचा नाही, त्या फिलिपिनो मुलीचाही नाही. ह्यांचा आला. मरून महिना झालेल्या माणसाचा राग येतो का? मला आला. चार वर्षं हा माणूस गायचा थांबला. चार वर्षं गुरुवारी घरी येऊन गप्प बसला. कशाच्या लाजेने? माझा गळा फुटक्या कळशीसारखा, म्हणून मी उभ्या जन्मात कधी तोंड उघडलं नाही, ह्यांच्या मागे कोरसलासुद्धा बसले नाही, आत उसळ ढवळत राहिले. आणि तिकडे अमेरिकेत कोण कुठली बाई, तिने माझं सगळं म्हणून ठेवलं होतं. ह्यांनी ते उचललं, पेटीवर बसवलं, डोळे मिटून इतकी वर्षं म्हटलं. ते हुंगायला गेले ते मधल्याच कुणाच्या तरी भांड्यात.

लेक म्हणाली, "आय वुड हॅव हॅड टु टेल हिम, आई. की देव नाहीये म्हणून."

"सांगितलं असतंस," मी म्हटलं. "मी पुढचं सांगितलं असतं."

तिने विचारलं, पुढचं काय. ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. ते त्यांनाच सांगायचं होतं, समोर बसवून, हातात चहाचा कप देऊन, थोडं ओरडून. अहो, त्या गाण्यात देव नव्हता हे खरं. पण पापही नव्हतं. त्यात मी होते.